येतानाच बंद पडणारी गाडी

आमची गाडी जाताना कधीच बंद पडली नाही. हे आधीच सांगून ठेवते, काहून की ज्याले त्याले हेच पटवता पटवता माहा जीव गेला. तांड्यावरून यवतमाळले जाताना अशी पळायची की विचारू नका. येताना मात्र अर्ध्या रस्त्यात कुठंतरी दोन हिसके द्यायची, खोकलल्यासारखा आवाज करायची, अन् चूप. मंग आमचे मालक उतरायचे, किक मारायचे, पुन्हा मारायचे, प्लग काढायचे, पुसायचे, तोंडानं फुंकायचे. मी रस्त्याच्या कडेले बसून असायची. अर्ध्या-पाऊण तासानं तीच गाडी एका किकीत सुरू. जसं काही झालंच नाही.

तुम्ही म्हणाल, जुनी गाडी, पडली बंद, त्यात एवढं काय? काय ते सांगते, बाप्पा.

माह्या दोन्ही किडन्या गेल्या. मंगळवारी अन् शनिवारी यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन मशीनवर पडावं लागते. डायलिसिस म्हणतात त्याले, आमच्या तांड्यावरच्या बाया रगत धुणं म्हणतात. तेच बरोबर आहे. अंगातलं रक्त नळीनं बाहेर जाते, धुतलं जाते, दुसऱ्या नळीनं आत येते. त्याच्यानंतर माणूस कसं होते, तं पिळून टाकलेल्या लुगड्यासारखं. पायात गोळे येतात, डोळ्यापुढं अंधारी येते, बोलायचं म्हटलं तरी जिवावर येते. डावा हात नसेचा, म्हणजे मशीनच्या सुया टोचायले त्यातली नस ऑपरेशन करून जोडलेली, त्या हातानं काही धरायचं नाही, काही उचलायचं नाही.

अन् पाणी मोजून प्यायचं. सकाळी एक गडवा भरून ठेवायचा, दिवसभर तेवढाच. किडनी काम करत नाही तं पिलेलं पाणी अंगातच राहते, छातीत चढते, माणूस बसल्या जागी बुडते. आमच्याकडचा मे महिना ज्यानं पाहिला त्याले याच्यापुढं काही सांगायची गरज नाही. टाळूले जीभ चिकटते. रस्त्यानं रसवंतीचं घुंगरू वाजलं की मी तोंड दुसरीकडे करून घेते. दवाखान्यातली सिस्टर म्हणते, "तहान लागली तं बर्फाचा खडा चोखायचा, मावशी." तिले काय, तिच्या टेबलावर बाटली असते.

आमच्या तांड्यावर एसटी येत नाही. बोरीच्या फाट्यावर येते, अन् तिथून तांडा लांब. सुरुवातीले एसटीनंच जाऊन पाहिलं. येताना गर्दीत उभी राहिली अन् लोकायच्या पायापाशी खाली बसली ती उठलीच नाही, फाट्यावर दोघातिघांनी मिळून उतरवली. त्या दिवशी मालक म्हणाले, "आता गाडीनं." आमचे मालक म्हणजे दिवसातून मोजून चार शब्द बोलणारा माणूस. त्यातले दोन त्यायनं गाडीवर खर्च केले.

होळीपर्यंत सगळं ठीक चाललं. मी गाडीवर एका अंगानं बसायची, उजव्या हातानं त्यायचा सदरा धरायची, पाठीवर डोकं टेकवायची अन् डोळे मिटायची. होळी झाली, ऊन तापायले लागलं, तवापासून गाडीनं हे नखरे सुरू केले. दर वेळी नाही, हे अजून वाईट. एका शनिवारी सरळ घरापर्यंत, मंगळवारी रस्त्यात बंद. म्हणजे आशाही सोडता येत नाही.

बोरीचा मिस्त्री वाईट माणूस नाही. पोरगेलासा आहे, तोंडाळ आहे, पण हात चांगला. त्याच्याकडे नेली की गाडी अशी वागायची जशी पाहुण्यायपुढं नवी सून. एका किकीत सुरू, आवाज गोड, धूर नाही, काही नाही. तो अर्धा दिवस तिच्यापुढं उकिडवा बसायचा, हँडल इकडे फिरव, तिकडे फिरव, वायरा हलवून पाह्य. गाडी काही बोलायचीच नाही.

"वैनी," तो मले म्हणे, "चालू गाडीत मी काय शोधू? बंद पडल्यावर आना."

"बंद पडल्यावर आणायले तिले खांद्यावर घेऊ का?"

"नाई तं फोन करा. मी येतो."

"तू येईपर्यंत ती सुरू होते, बाप्पा. तिले तू आवडत नाही."

मालकानं त्याच्याकडून एकेक वस्तू बदलून घेतली. आधी प्लग. मंग प्लगची टोपी. मंग कॉईल. मंग सीडीआय, म्हणजे सीटखाली एक काळी डबी असते, ठिणगी कवा पाडायची ते ती ठरवते. चाबीचं कुलूप नवं टाकलं. हँडलवर गाडी बंद करायचं लाल बटन असते, ते काढून त्याच्या वायरा सरळच केल्या. दर वेळी मिस्त्री हात पुसत म्हणायचा, "आता काई बंद पडत नाई." अन् दर वेळी येताना मी कुठल्यातरी बाभळीखाली बसलेली असायची. दुखणं हाल्याले अन् डाग पखालीले, दुसरं काय.

तांड्यावरच्या लोकायले तं विषयच मिळाला. कोणी म्हणे पेट्रोलमध्ये कचरा आहे, कोणी म्हणे रस्त्यावर कोणाची तरी सावली आहे. माही जाऊ हँडलले लिंबू-मिरची बांधून गेली. मी काढली नाही. तेवढी ताकदच नव्हती मले, अन् काय सांगता, लिंबानंही होईन.

मंग तो मंगळवार आला. मे महिना अर्धा झाला होता. रस्त्यावरचं डांबर टायरले चिकटत होतं. गाडीनं हिसके दिले अन् बंद पडली तिथं झाड नव्हतं. वखरून ठेवलेली काळी वावरं दोन्ही बाजूनं, अन् मधात आम्ही दोघं. मालकानं मले खाली बसवलं. खांद्यावरचा दुपट्टा काढून माह्या डोक्यावर टाकला अन् स्वतः उघड्या डोक्यानं किका मारायले लागले. माह्या पायात गोळा आला. मी ओरडली. ते आले, पाय दाबला. पुन्हा गाडीपाशी गेले. पुन्हा गोळा आला, पुन्हा आले. साडी मागून ओलीचिंब झाली होती, म्हटलं घाम असन. तोंड मात्र कोरडं ठण. एक ट्रॅक्टरवाला थांबला, त्याच्याजवळ पाण्याची कॅन होती, त्यानं गिलास भरून पुढं केला. मी मान हलवली. तो बिचारा म्हणाला, "घ्या नं, थंडगार हाय." मले रडायले आलं. मालकानं त्याले हात जोडले अन् जायले सांगितलं.

तवा मी म्हटलं, "ऐका."

ते किक मारता मारता थांबले.

"आता अजून एकदा अशी बंद पडली, तं मी पुन्हा येणार नाही. मशीन नको, दवाखाना नको. घरी खाटेवर पडून राहीन. जे व्हायचं ते होईन."

मी रागानं नाही बोलली. रागानं बोलली असती तं त्यायले बरं वाटलं असतं. माहा राग त्यायच्या ओळखीचा आहे, लग्नापासून जेवणासोबत खाऊन राह्यले ते माहा राग. हे मी थंडपणानं बोलली, अन् ते त्यायले समजलं. मशीन सोडलं की माणूस किती टिकते, हे दवाखान्याच्या बाकड्यावर बसणाऱ्या सगळ्यायले माहीत असते. माह्या बाजूच्या मशीनवर एक गृहस्थ यायचे, नेरकडचे, मजाक करायचे सिस्टरसंग. एक दिवस म्हणाले, लय झालं. पुढच्या वेळी त्यायच्या जागी दुसरं माणूस झोपलं होतं.

मालकानं पुन्हा किक मारली अन् गाडी सुरू झाली. मेली, नेमकी तवाच सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पाहते तं अंगणात गाडी खोललेली. सीट एकीकडे, टाकी एकीकडे, मधात नुसता सांगाडा, अन् मालक त्यातल्या एकेका वायरीवरून बोटं फिरवून राह्यले. हँडलपासून मागच्या दिव्यापर्यंत. जिथं टेप सुटली तिथं नवी टेप. जिथं वायर लोखंडाले घासते तिथं सायकलच्या ट्यूबचा तुकडा. जेवायले हाक मारली तं आले नाही. मी खाटेवरून पाहत होती. लाल, निळ्या, पिवळ्या वायरांचा गुंता.

"माह्या मशीनवाल्या सिस्टरले बोलावू का?" मी म्हटलं. "नळ्या जोडण्यात भल्ली हुशार हाय."

त्यायनं मान वर केली नाही. हसले असते तं मले बरं वाटलं असतं.

गाडी जोडून झाल्यावर त्यायनं ती अंगणात तशीच सुरू ठेवली. पेट्रोल जाळत घुरघुर करत उभी राहिली, अन् हे तिच्यापुढं दगडावर बसून. बंद पडली नाही. गुरुवारी ते एकटेच यवतमाळले गेले, दवाखान्याच्या गेटापर्यंत, अन् तसेच परत आले. बंद पडली नाही. मिस्त्री तांड्यावर आला, करंट पाहायचा दिवा लावून सगळीकडं तपासून गेला. मले मागं बसवून मालक बोरीच्या बाजारातून दोन चकरा मारून आले. लोक पाहत होते, म्हातारपणात फिरायले निघाले म्हणून. तरी बंद पडली नाही.

मिस्त्रीनं डोकं खाजवलं. "वैनी, राग नका मानू. भाऊ एकटे असले की गाडी चालते. जाताना तुमी दोघं असले तरी चालते. येतानाच तुमी बसल्या की बंद पडते. म्हंजे फॉल्ट तुमच्यातच हाय." अन् हसला.

"माह्यात फॉल्ट हाय हे सांगायले डॉक्टर कमी पडले का रे? तूच राह्यला होता?"

त्यानं जीभ चावली. चहा न पिता गेला. मले वाईट वाटलं, पण दिवसभर त्याचं बोलणं डोक्यात घुमत राहिलं. काहून की खोटं नव्हतं ते. पावसाळा असता तं त्यानं आधी पाण्याचाच विचार केला असता, कुठं जोडात पाणी शिरलं का म्हणून. मे महिन्यात कोरड्या ठण रस्त्यावर तो तरी काय विचार करीन?

शनिवारी आम्ही निघालो तं मी रस्त्यावर काय बोलली ते तांड्यात कोणालेच माहीत नव्हतं. फक्त आम्हा दोघायले. मालकानं निघताना गाडीच्या टाकीवर हात ठेवला, एक घडी तसाच ठेवला. मी पाहिलं अन् न पाहिल्यासारखं केलं.

त्या दिवशी मशीनवर माहं बीपी पडलं. सिस्टरनं लवकरच काढलं, म्हणाली, "आज एवढंच, मावशी. इथं पडून राहा, बरं वाटलं की जा." मी थोडी पडली. पण तिथला तो वास, बाजूच्या मशीनची पी-पी. म्हटलं बाहेर जाऊन मालकाले सांगावं. भिंतीले हात लावत लावत निघाली अन् मागच्या दारातून गाड्या लावायच्या जागेवर आली.

या दारातून मी कधी आली नव्हती. दर वेळी माहं झालं की सिस्टर फोन करायची अन् मालक गाडी घेऊन पुढच्या दाराशी उभे राहायचे. गाडीची सीट कधी तापलेली नसायची. मी समजायची, गाडी सावलीत असन.

सावलीत नव्हती. टिनाच्या शेडखाली मोठ्या गाड्या उभ्या होत्या, अन् आमची गाडी अशी उन्हात, भिंतीच्या कडेले. तिच्या सीटवर पोतं टाकलेलं. मालक नळावरून आले, हातात तेलाचा रिकामा डबा, पाण्यानं भरलेला. ते पाणी त्यायनं पोत्यावर ओतलं. हळूहळू, सगळीकडं सारखं, जसं बाया तुळशीले घालतात. मंग भिंतीशी उन्हातच बसले. थोड्या वेळानं उठले, पोत्याले हात लावून पाहिला, पुन्हा नळावर गेले.

मी दारातच उभी राहिली. माह्या तोंडात थुंकी नव्हती, अन् हा माणूस गाडीले पाणी पाजून राह्यला होता.

पहिले तं डोकं सटकलं. मंग समजलं. त्यायचा बाप उन्हातून आलेल्या बैलाच्या पाठीवर ओलं पोतं टाकायचा, मी लग्न होऊन आली तवा पाहिलं होतं. आमच्या लोकायच्या पणज्या-खापरपणज्यांनी बैलायच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलुख पालथा घातला. आता तांडे एका जागी बसले, बैलाच्या जागी गाडी आली, पण हात तेच आहेत. बैल दमला की आधी त्याची पाठ थंड करायची.

पण बैलाच्या पाठीत स्पंज नसते, अन् त्याच्या पोटात वायरा नसतात. आमच्या सीटची शिवण पुढून उसवलेली, तिच्यातून पिवळा स्पंज डोळे वटारून पाहते. मी गाडीच्या खाली पाहिलं. सीटच्या खालून, बाजूच्या झाकणाच्या फटीतून थेंब पडत होते. टप. टप. जमिनीवर पडायच्या आधी वाफ होईन की काय, असं ऊन.

मंग माह्या डोक्यात सगळं एका जागी आलं. साडी मागून ओली व्हायची, तो घाम नव्हता. मशीनवरून उतरलेल्या माणसाच्या अंगात घामाले पाणीच कुठं राहते? ते स्पंजातलं पाणी होतं. सीटवर आम्ही दोघं बसलो की स्पंज दबायचा, खड्ड्यात गाडी आदळली की अजून दबायचा, अन् पाणी थेंबाथेंबानं खाली वायरांच्या जोडात. म्हणून येताना. म्हणून होळीनंतर. म्हणून अर्ध्या तासानं आपोआप सुरू, उन्हानं जोड वाळला की. ज्या दिवशी डबाभर पाणी कमी पडलं असन, त्या दिवशी सरळ घरी. मालक एकटे गेले तवा पोतं नाही, बाजारात चक्कर मारली तवा पोतं नाही. काखेत कळसा अन् गावाले वळसा म्हणतात तो असा.

अन् खरं सांगते, तिथंच एक दुसरी गोष्टही मनात आली. मी गप राहिली तं? आजही गाडी बंद पडीन. मी बोलून बसली आहे, अजून एकदा बंद पडली तं संपलं. ते मले आग्रह करणार नाहीत, तो माणूसच तसा नाही. सुई नाही, नळी नाही, मोजलेलं पाणी नाही. घरी खाटेवर पडून गडवा तोंडाले लावून पिईन, पोटभर, जेवढं पाहिजे तेवढं. मले कोणी दोष देणार नाही. गाडी बंद पडली, बाई थकली, झालं. मी लय थकली होती. ज्याले थकवा म्हणतात तो हा नव्हता, हाडात शिरलेला होता. फक्त तोंड बंद ठेवायचं होतं.

मालकानं पोतं उचललं. भिंतीआड नेऊन पिळलं, घडी करून थैलीत लपवलं. माह्यापासून लपवायचं म्हणून, दुसरं कोण होतं तिथं. मंग खांद्यावरच्या दुपट्ट्यानं सीट वरून कोरडी पुसली. अन् सीटवर, मागच्या बाजूले, जिथं मी बसते, तिथं तळहात ठेवला. ठेवूनच राहिले. उन्हानं त्यायचं तोंड काळं ठिक्कर पडलं होतं, मान खाली, अन् तळहात सीटवर. मले एवढा राग आला, एवढा राग आला की भिंतीचा आधार सोडून मी चालत गेली.

"अवो, अक्कल हाय का तुमाले?"

ते दचकले. "तू कशी आली? झालं का?"

"काय घालून राह्यले गाडीच्या बोडख्यावर?"

त्यायनं थैली मागं सरकवली.

"मी इचारून राह्यली. कायले पाणी घालता?"

"सीट तापते," ते म्हणाले. "तुह्या अंगात जीव राहत नाई येताना. चटका बसते."

"तोच चटका बसू द्या नं मंग! त्यापायी मले रस्त्यावर लोळवलं इतके दिवस!"

त्यायले काहीच समजलं नाही. मी सीटवर मूठ दाबली, सगळं अंग टाकून दाबली. झाकणाच्या फटीतून पाण्याची धार लागली. त्यायनं ते पाणी पाहिलं. मंग माह्याकडं पाहिलं. मंग तिथंच खाली बसले.

रडले ते. आवाज नाही, काही नाही, नुसतं डोळ्यातून पाणी. इतक्या वर्षांत मी त्यायले दोनदाच रडताना पाहिलं. माहा राग कुठं गेला कोण जाणे. मी त्यायच्या डोक्यावर हात ठेवला अन् म्हटलं, "पुरे आता. अजून पाणी नका सांडू गाडीजवळ."

मिस्त्रीले फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"भाऊ," तो म्हणाला, "सीट काढा. काळ्या डबीपाशी वायरायचा जोड हाय, कपलर म्हनते त्याले. उघडा अन् सांगा काय दिसते."

मालकाजवळ पाने होतेच, हल्ली ते घेतल्याशिवाय घरून निघायचेच नाहीत. सीट काढली. जोड उघडला तं आतून पाणी निघालं, अन् पितळेच्या पिनांवर हिरवा गंज चढलेला. मिस्त्रीनं फोनवरून एकेक सांगितलं, मालकानं एकेक केलं. पिना घासल्या, फुंकल्या, उन्हात वाळू दिल्या. सीटचा स्पंज दाबून दाबून रिकामा केला अन् ती भिंतीशी उभी करून ठेवली. जोड परत बसवला. त्याच्यावर माह्या गोळ्यायची प्लास्टिकची पन्नी गुंडाळून दोऱ्यानं घट्ट बांधली.

"वैनी हाय का तिथं?" मिस्त्रीनं विचारलं. "वैनी, तो फॉल्टचा शबद मी वापस घेतो."

"राहू दे," मी म्हटलं. "थोडा हाय माह्यातही."

सीट वाळली तशी तापली. अशी तापली की तव्यावर हात ठेवल्यासारखं. मालकानं दुपट्टा घडी करून तिच्यावर टाकला, मी टाकू दिला. तरी चटका बसलाच. मी त्यायचा सदरा धरला अन् म्हटलं, "चला."

आम्ही निघालो. गावाबाहेर पडेपर्यंत ठीक. मंग तो रस्ता सुरू झाला, जिथं दर वळणावर आमची एक बंद पडायची जागा आहे. ती बाभळ आली अन् गेली. मोरी आली, गेली. मालक एवढे ताठ बसले होते की त्यायची पाठ लाकडाची वाटत होती. प्रत्येक खड्ड्यापाशी ते श्वास धरायचे, मले पाठीवरून समजायचं. मी देवाजवळ काय मागत होती? खरं सांगते, मलेच ठरवता येत नव्हतं. गाडी चालत राहो असंही वाटे, अन् एक हिसका देवो, असंही. ती बिनझाडाची जागा आली. काळी वावरं दोन्ही बाजूनं. मी डोळे मिटून घेतले. गाडीचा आवाज तसाच. उघडले तं आम्ही पुढं आलो होतो.

बोरी आली. मिस्त्री दुकानापुढं रस्त्यावर येऊन उभा होता, त्यानं दोन्ही हात वर केले. मालक थांबले नाही. थांबायची भीती वाटली असन त्यायले.

दिवस अजून बराच वर होता तवा आम्ही अंगणात पोहोचलो. गाडी उभी राहिली, पण मालक उतरले नाही अन् गाडी बंदही केली नाही. पाय टेकून तसेच बसून राहिले, पाठ माह्याकडं, दोन्ही हात हँडलवर. गाडी घुरघुर करत होती. मीही उतरली नाही. जाऊ घरातून डोकावली अन् काय झालं ते न समजून परत आत गेली.

"मंगळवारी?" त्यायनं विचारलं. वळून पाहिलं नाही.

हो म्हणायचं म्हणजे पुन्हा सुई, पुन्हा नळी, पुन्हा तो गडवा, पुन्हा हा रस्ता, अन् असे किती मंगळवार ते कोणाले माहीत. माह्या हाताखाली त्यायचा सदरा घामानं ओला होता. त्यायची पाठ हलत नव्हती.

"येईन," मी म्हटलं.

तवा कुठं त्यायनं चाबी फिरवून गाडी बंद केली.